स्पष्ट पाहिले : होय

आठवडाभर तो चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचा आणि रविवारी मैदानावर शिट्टी वाजवायचा. त्यामुळे त्याच्यावर होण्यासारखे सगळे विनोद पहिल्या दोन वर्षांतच होऊन गेले होते. "जगाला चष्मे आणि स्वतः आंधळा!" असं कुणी ओरडलं, की तो मनात म्हणायचा, काहीतरी नवीन शोधा राव. मैदानावर सगळे त्याला काचवाला म्हणत.

एकोणीस वर्षं तो फुटबॉलच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये पंच होता. या काळात त्यानं कुणाचा फुकटचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि याचा त्याला जरा जास्तच अभिमान होता. आता वय चव्वेचाळीस. पंचेचाळीसच्या आत वरच्या लीगच्या यादीत नाव लागलं तर लागलं, नाहीतर आयुष्यभर काचा आहेतच.

हंगामाच्या शेवटून चौथ्या सामन्यात शेवटची पाच मिनिटं उरली होती. पाहुण्या संघाचा फॉरवर्ड गोलसमोर धाडकन आडवा झाला आणि पोटरी धरून असा किंचाळला, की वाटावं पाय तुटून हातात आला. त्याच्यामागे यजमानांचा म्हातारा बचावपटू होता. म्हातारा म्हणजे छत्तीस वर्षांचा; या धंद्यात तेवढ्यात माणूस म्हातारा होतो. काचवाल्यासमोर नेमक्या त्याच क्षणी एक रुंद पाठ आडवी आली. त्याला पडणं दिसलं, पाडणं दिसलं नाही. पण शिट्टी तोपर्यंत वाजून गेली होती. शिट्टी वाजली की हात ताठ वर गेला पाहिजे, शंका चेहऱ्यावर दिसता कामा नये, हे त्याला पहिल्याच वर्षी शिकवलेलं. हात वर गेला. पेनल्टी. मग खिशातून लाल कार्ड.

"साहेब, आईची शपथ, पाय लागलाच नाही!" म्हातारा म्हणाला.

एकोणीस वर्षांत काचवाल्यानं इतक्या आयांच्या शपथा ऐकल्या होत्या, की त्या खऱ्या मानल्या असत्या तर एकही फाउल देता आला नसता. त्यानं बोटानं बाहेरचा रस्ता दाखवला. म्हातारा जाता जाता टीव्हीवाल्याच्या माइकसमोर थांबला आणि तीच शपथ पुन्हा घेऊन गेला.

सामना संपल्यावर काचवाला नळावर तोंड धूत होता. शेजारच्या नळावर तो फॉरवर्ड आला. लंगडत नव्हता.

"थँक्यू हं साहेब," तो हसत म्हणाला. "खरं सांगू? तो माझ्यापासून हातभर लांब होता. पण तुम्ही दिलीत, आम्ही घेतली."

आणि शीळ घालत गेला. काचवाल्याला कानाखाली बसल्यासारखं झालं. आजूबाजूला दुसरं कुणीच नव्हतं. सामना टिपणारा एकुलता एक कॅमेरा पार समोरच्या टोकाला, त्यात नुसत्या पाठी दिसत होत्या. म्हणजे खरं काय ते तिघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या दोघांवर कुणी विश्वास ठेवणार नव्हतं.

पंचांच्या खोलीत निरीक्षक फॉर्म घेऊन बसले होते. पंचांना गुण तेच देत, यादीही त्यांच्याच शेऱ्यावर ठरे. लाल कार्डाच्या रकान्याखाली एक ओळ होती : पंचाने प्रसंग स्वतः स्पष्ट पाहिला का? होय की नाही. 'नाही' लिहिलं की चौकशी, आणि बहुतेक वेळा कार्ड रद्द.

"थोडी पाठ आडवी आली होती," काचवाला चाचरत म्हणाला.

निरीक्षकांनी पेनाचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. "हे बघ, न बघता पेनल्टी देणाऱ्याला मी वर कसा पाठवू? तुझं हे शेवटचं वर्ष. नीट आठव."

काचवाल्यानं नीट आठवलं आणि 'होय' लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं याहून वेगळं काय असतं, हे त्याला तिथंच कळत होतं. तरी लिहिलं.

म्हाताऱ्यावर तीन सामन्यांची बंदी आली. ते तीन सामने झाले की हंगाम संपला, आणि क्लबनं त्याचा करार वाढवला नाही. 'पंचांनी स्पष्ट पाहिले' असं पेपरात छापून आलं. महिन्याभरात काचवाल्याचं नाव वरच्या यादीत लागलं. बायकोनं त्याच्या नव्या काळ्या शर्टाला इस्त्री केली. तो घालून तो आरशासमोर फार वेळ थांबला नाही.

एका दुपारी मालक जेवायला गेले होते, म्हणून काचवाला पुढे काउंटरवर होता. म्हातारा आत आला. अंगावर गोदामाचा निळा कोट, सोबत सत्तरीची आई. तिनं मात्र त्याचा हात धरला नव्हता. भिंत चाचपत आली.

"चष्मा नकोय," म्हातारा म्हणाला. "आई माझ्याशी बोलत नाही, साहेब. माझ्या हातचं पाणी घेत नाही. मी तिची खोटी शपथ घेतली म्हणते. टीव्हीवर, सगळ्या जगासमोर. माझी नोकरी गेली ती गेली, मी भांडायला आलो नाही. कुणाला सांगणारही नाही. फक्त हिला एकदा सांगा."

आई काउंटरला धरून उभी राहिली. जाड भिंगांमागचे डोळे काचवाल्याचा चेहरा शोधत होते.

"साहेब, पोटच्या पोराचं मला खोटं वाटतंय, तुमचं वाटणार नाही," ती म्हणाली. "ह्यानं पाडलं होतं का त्याला?"

रविवारी वरच्या लीगमधला त्याचा पहिला सामना होता. बाई घरी जाऊन शेजारणीला सांगेल, शेजारीण आणखी कुणाला. दोन शब्दांचं काम होतं. काचवाल्यानं समोरचं कापड उचलून पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

"मी लिहून दिलंय तेच," तो म्हणाला.

आईनं मान हलवली, काउंटरवरून चाचपत काचवाल्याचा हात शोधला आणि आपल्या दोन्ही हातांत धरला.

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली. "खरं बोलणारं एक तरी माणूस भेटलं."

मग ती वळली. म्हाताऱ्यानं पायरीपाशी हात पुढे केला. तिनं तो बाजूला सारला आणि दाराची चौकट धरून एकटीच उतरली.