तीन माणसं, अर्धा तास

आमची कंपनी बर्फातल्या त्या उंच पोस्टवर चढली तेव्हा मी कंपनी हवालदार मेजर होतो. फौजेत सीएचएम म्हणतात. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, हा कोणी तरी लढाईचे बेत आखणारा असेल. सीएचएम माणसं मोजतो. पहाऱ्यावर संत्री कोण, आजारी कोण, सुट्टीवर कोण, रॉकेलचे कॅन किती उरले. सकाळी ६ ला मोजायचं, संध्याकाळी ६ ला मोजायचं. पोस्टवर आम्ही एकतीस जण होतो.

रस्ता बंद होण्याआधी शेवटच्या गस्तीच्या तुकडीबरोबर बटालियन हेडक्वार्टरमधून धर्मगुरू वर आले. फौजेत ही रीतसर नेमणूक असते, पुष्कळांना ठाऊक नसतं. पलटणीचा स्वतःचा पंडित, वर्दीतला, नायब सुभेदाराच्या हुद्द्याचा. आमचे रीवाकडचे होते, पन्नाशीला टेकलेले. कागदावर नाव शिवशरण, पण सगळे गुरुजीच म्हणत. दोन दिवसांसाठी आले होते. तिसऱ्या दिवशी बर्फाने वाट बुजवली आणि ते आमच्यातच अडकले.

मंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली. रविवारी १० वाजता मंदिर परेड. परेड म्हणजे हुकूम, भक्ती असो वा नसो, हजर राहायचं. मी दाराशी उभा राहून डोकी मोजायचो. आरती झाली की गुरुजी एक लांब मंत्र म्हणत, पलटणीतल्या गेलेल्यांसाठी. कोणी जवान गेला की त्याला निरोप देतानाही तोच. चौदा वर्षं मी तो दर रविवारी ऐकला होता आणि मला त्यातली एक ओळ सलग येत नव्हती. माझं डोकं जबलपूरला, चेरीतालच्या घराच्या गळक्या छतात अडकलेलं. माझी बायको सुमन आठवड्याच्या फोनवर तेवढंच बोलायची.

"मिस्त्री रोज उद्या येतो म्हणून राहिला. तुम्हीच बोला न त्याच्याशी, माझं तर ऐकूनच नाही राहिला तो."

एका रविवारी परेड सुटल्यावर गुरुजींनी मला थांबवलं.

"सीएचएम, आज कितने हाजिर?"

"छब्बीस, साहब. पाँच ड्यूटी पर."

"छब्बीस में तुम भी हो?"

"जी, साहब."

"मुझे तो नहीं दिखे," ते म्हणाले आणि हसले. मीही हसलो. मग त्यांनी कामाचं काढलं. "तीन जवान दे दो, रोज आधा घंटा. मंत्र सिखा देता हूँ. कल मैं नीचे रहूँ और यहाँ कुछ हो जाए, तो कोई तो हो बोलने वाला."

"साहब, बर्फ हटाने को आदमी कम हैं. कल देखते हैं."

ते माझ्यापेक्षा हुद्द्याने वर होते. हुकूम दिला असता तर तीन काय, सहा माणसं उभी केली असती. तसं त्यांना म्हणालोही. त्यांचं उत्तर, हुकमाने परेड होते, पाठांतर होत नाही. त्यानंतर ते दोन-तीन दिवसांआड विचारत राहिले आणि मी उद्यावर ढकलत राहिलो. माणसं कमी होती हे खोटं नव्हतं. पण डिश अँटेनावरचा बर्फ झाडायला मी रोज दोन माणसं देत होतो, क्रिकेटची मॅच दिसावी म्हणून. हे आजवर भाषणाच्या कुठल्याच कार्यक्रमात सांगितलं नाही.

त्यांनी पहिल्यांदा विचारल्यापासून सतराव्या दिवशी सकाळी ७.४० ला गुरुजी खोकत बंकरबाहेर आले आणि दाराशीच बसले. ओठ निळे, थुंकीत गुलाबी फेस. उंचीवर असं छातीत पाणी भरतं. त्यावर औषध एकच, माणसाला ताबडतोब खाली नेणं. नर्सिंग असिस्टंटने ऑक्सिजन लावला. मी रेडिओवर बसलो.

"कॅज्युअल्टी एक. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"व्हिजिबिलिटी शून्य. वेट करा. ओव्हर."

हेच बोलणं ८.३० ला झालं, ९.१५ ला झालं, १० ला झालं. दहानंतर मी त्यांच्याजवळ गेलो. तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहून हात थोडा उचलला आणि तीन बोटं दाखवली. मला लगेच कळलं.

"कल से, साहब," मी म्हणालो. "पक्का."

तेव्हाही माझ्या तोंडून उद्याच निघाला. ११.२० ला गुरुजी गेले.

दुसऱ्या दिवशी आभाळ उघडलं. ८.१५ ला निरोप आला, हेलिकॉप्टर चाळीस मिनिटांत. आम्ही गुरुजींना मंदिरासमोर आणून ठेवलं. संत्री सोडून सगळे फॉल-इन झाले. कंपनी कमांडर मेजर साहेब माझ्याकडे वळले.

"सीएचएम, मंत्र कौन बोलेगा?"

कोणी पुढे आलं नाही. एकाला पहिली ओळ येत होती, दुसरीवर अडला. दुसऱ्या एका जवानाने हळूच सांगितलं, साहब, मोबाइल में भजन है. मेजर साहेबांनी नको म्हणून मान हलवली. दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज येऊ लागला. मग मी चार पावलं पुढे गेलो, गुरुजींना सॅल्यूट केला आणि मला जे येत होतं ते बोललो.

"मंदिर परेड, साहब. उनतीस हाजिर, दो ड्यूटी पर."

माझी मलाच लाज वाटली. आजही वाटते.

पेन्शनवर जबलपूरला आलो त्या महिन्यात नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या एका पंडितांकडून मंत्र शिकलो. रोज अर्धा तास. अकरा दिवसांत पाठ झाला. वर पोस्टवर माझ्याकडे सतरा दिवस होते.

आता आम्ही जबलपुरातच, गोरखपूर भागात फ्लॅटमध्ये राहतो. मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे, कारण फौजी माणूस फुकटात शिस्तीने काम करतो असा लोकांचा समज आहे. मंडळवाले भाषणाला बोलावतात. मागे गुरुजींची हकिकत सांगितली तर एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे गोळी नाही लागली?" त्यानंतर सांगणं बंद केलं.

गुरुजी गेले त्या तारखेला मात्र दर वर्षी घाटावर जातो. ११.२० ला पाण्याकडे तोंड करून मंत्र म्हणायचा, एवढंच. यंदा निघताना सुमन म्हणाली, "फोन घरीच ठेवून जा न आज. काहून नेऊन राहिले?" मी म्हणालो, असू दे, कोणाला काम पडेल. घाटावर उभा राहिलो, सुरुवात केली, तिसऱ्या ओळीवर फोन वाजला. सोसायटीतला वर्मा.

"अंकलजी, पानी की मोटर बंद है. स्विच कौन सा है?"

मी त्याला पॅनलची जागा सांगितली. डावीकडचा दुसरा, लाल. त्याला सापडेना. पुन्हा सांगितली. मोटर सुरू झाल्याचं त्याने कळवलं तेव्हा घड्याळात ११.२६ झाले होते आणि कुठल्या ओळीवर होतो ते आठवेना. मंत्र पहिल्यापासून म्हटला, पुरा म्हटला. एकही शब्द चुकला नाही.

नायब सुभेदार शिवशरण, धर्मगुरू. सकाळी ११.२०. यंदा त्या वेळी मी फोनवर होतो.