टेबलावर शू करायला लावणारी ताई

जगातली झाडून सगळी मोठी माणसं पोरांना सांगतात, शू आली की बाथरूमकडे पळा. सोनोग्राफीवाली ताई तेवढी सांगते, इथंच कर, या टेबलावर! अठरा वर्षं तिचा हाच उद्योग. नवरा चिडवतो, "लोक पोरांना वळण लावतात, तू ते मोडतेस." ताई म्हणते, "त्या वळणापायी माझा रोज घाम निघतो, तुला काय कळणार!"

काम तसं सरळ. बारीक नळीनं मूत्राशयात पाणी भरायचं, त्यात औषधाचे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे. मग पोर शू करत असताना पाठीवर सोनोग्राफीचा दांडा फिरवायचा. बुडबुडे उलटे किडनीत चढले, तर पडद्यावर चमकतात. एक्स-रेची भानगडच नाही. फक्त पोरानं शू करायला हवी, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खातं.

त्या दिवशीची पोरगी पाच वर्षांची. लघवीच्या संसर्गानं वर्षभरात चारदा तापानं फणफणलेली. बुडबुडे चढले तर ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोट टम्म फुगलं, पाय आवळले, पण पोरगी ढिम्म.

ताईनं नळ सोडला. पायांवर कोमट पाणी ओतलं. तोंडानं श्श्श् केलं. त्यानं शेजारी उभ्या बापालाच घाईची लागली आणि तो पळाला. पोरगी मात्र जशीच्या तशी!

"अगं बाई, कर ना!" ताई काकुळतीला आली.

"गादीवर नाही करायची. आई मारते."

उशाशी उभ्या आईचा चेहरा खर्रकन उतरला. "हो, मारलं मी. मला वाटायचं, मुद्दाम करतेस. आजारानं होतंय हे कळलंच नाही गं. चुकलं माझं, राणी. आता कर, हवी तेवढी कर!"

पोरीनं आईकडे नीट बघून घेतलं, आणि मग काय, धोधो! ताईनं श्वास रोखून आधी डावी किडनी पाहिली, मग उजवी. दोन्हीकडे अंधार, एकही चमक नाही.

"डॉक्टर काय लिहायचं ते लिहोत, पण एकही बुडबुडा वर चढला नाही बघा!"

ताईनं फडकं उचललं, तर आईनं ते तिच्या हातातून ओढूनच घेतलं. टेबल, जमीन, पोरीचे पाय, सगळं पुसत सुटली, हसत काय, रडत काय!

पोरगी बावरून बघत होती. "आई, तू ओरडत का नाहीयेस?"

आईनं ती ओली पोरगी तशीच उराशी धरली.