दुखणं कुणाबरोबर जातं

मंडळी, या सदरातले सगळे अनुभव मी चवीनं वाचते आणि मग मोठ्यानं हसते, हे आधीच सांगून टाकते. पिंपळाखालची बाई, आपोआप हलणारा झोपाळा... वाचायचं, चहात बिस्कीट बुडवायचं आणि आमच्या ह्यांना म्हणायचं, "बघा, लोकांना किती रिकामा वेळ आहे!" माझा धंदाच तसा. मी सर्व्हर दुरुस्त करते. यंत्र विनाकारण बिघडत नाही. कारण सापडलं नाही, तर तुम्ही नीट शोधलेलं नाही. हे वाक्य मी एवढ्या गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकलंय की ते माझ्या व्हिजिटिंग कार्डावर छापायला हरकत नव्हती.

आज ते वाक्य गिळायला बसले आहे. खुर्च्या जरा पुढे ओढा.

ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्याहून तिरुचीला आलो, आणि तिथून तासाभरावरचं तंजावूर माझ्या गिऱ्हाइकांचं गाव झालं. त्यातले सगळ्यात लाडके म्हणजे डॉक्टर मुकुंदराव. राजवाड्यामागच्या गल्लीत खाली त्यांचं स्कॅन सेंटर आणि वरच्या मजल्यावर घर. त्यांच्या घराण्याला तिथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मराठी फक्त जेवताना आणि भांडताना निघायची. देवनागरी वाचता येत नव्हती. पहिल्या भेटीत मला म्हणाले, "वैनी, तुम्ही पेपरातलं मराठी बोलता. आम्ही घरातलं बोलतों." त्या घरात 'इथे'ला 'हिंगे' म्हणत आणि कॉफीला 'कापी'.

घरात दोनच माणसं. मुकुंदराव, लग्न न केलेले, पन्नाशीतले, गोल आणि गोड. साखर रक्तातही भरपूर. आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, म्हणून अक्कांनी त्यांना वाढवलं. विधवा होऊन माहेरी परतल्या त्या त्यांच्याचसाठी, असं त्या म्हणत. मुकुंदराव म्हणत, "खोटं! सासरी कापी पातळ होती, म्हणून आली." मग अक्का त्यांना पळीनं मारायला धावत. हा प्रयोग मी इतक्यांदा पाहिला की मला त्याचे संवाद पाठ होते.

आता आयुधपूजा. तिकडे नवरात्रात त्या दिवशी सगळी यंत्रं, हत्यारं, गाड्या देवीपुढे ठेवतात. रिक्षाला चंदन, टाइपरायटरला फूल, सगळ्यांना कुंकवाचा टिळा, म्हणजे तिकडचा पोट्टु. त्या दिवशी यंत्रानं काम करायचं नाही, विश्रांती घ्यायची. मागच्या वर्षी अक्कांनी फर्मान काढलं, "मिशिनाचं जीव कशात आहे? तेच ठेवा. नुसतं डबड्याला पोट्टु लावून काय?" आणि मुकुंदरावांनी, एमडी झालेल्या माणसानं, सर्व्हर बंद केला, त्यातल्या डिस्क एकेक करून उपसल्या आणि पाटावर मांडल्या. प्रत्येकीला चंदन, कुंकू, वर शेवंतीचं फूल. फोटो मला अभिमानानं पाठवला! मी तो बघून बसमध्ये ओरडले, शेजारची बाई दचकली.

विजयादशमीला डिस्क पुन्हा आत गेल्या. आणि एरर सुरू झाले.

यंत्राची भाषा थोडक्यात सांगते. डिस्क म्हणजे गोदाम. यंत्रातली बस म्हणजे गोदामापासून दुकानापर्यंतचा रस्ता. गोदामात माल सडला तर डिस्क स्वतःच कबूल करते. इथे डिस्क म्हणत होत्या, आम्ही ठणठणीत आहोत, माल धड पाठवतोय, पण रस्त्यात काहीतरी होतंय. वाचता वाचता जोडणी तुटायची, पुन्हा जुळायची, पुन्हा तुटायची. मी गेले, स्लॉटमध्ये टॉर्च मारला — आणि काय? आत लालभडक कुंकू! मी हसून हसून जमिनीवर बसले.

"अक्का, तुमच्या देवीनं रस्ता अडवलाय."

"देवी रस्ता अडवत नाही गं पोरी," अक्का वरून ओरडल्या. "दाखवते."

सगळं साफ केलं, दुरुस्त झालं म्हणून जाहीर केलं, वर जाऊन सांबार-भात ओरपला आणि तिरुचीची बस पकडली.

एरर थांबले नाहीत.

मग मी अदलाबदल सुरू केली. आमच्या धंद्यात याहून मोठी विद्या नाही, आणि मुकुंदरावांना ती मी मोठ्या नाटकीपणे शिकवली. संशयित वस्तू काढायची, तिच्या जागी तशीच दुसरी लावायची, आणि हिची रवानगी तिच्या जागी. मग बघायचं, दुखणं कुणाबरोबर जातं. डिस्कबरोबर गेलं तर डिस्क वाईट. जागेवरच राहिलं तर केबल किंवा स्लॉट वाईट.

"आणि निदान झालं की?" त्यांनी विचारलं. चांगला विद्यार्थी!

"निदान झालं की धड वस्तू मूळ जागी परत ठेवायच्या. नाहीतर पुढचा माणूस आपल्या नावानं बोटं मोडतो."

केबली बदलल्या. स्लॉट बदलले. कंट्रोलर बदलला, पॉवर सप्लाय बदलला. दुखणं ना डिस्कबरोबर जाई, ना जागेवर राही. शेवटी मी वेगळ्याच बाजूनं पाहिलं. पहाटे एक प्रोग्राम सगळ्या फाइली वाचून तपासतो. जोडणी नेमकी काय वाचताना तुटते? तर दर वेळी ठरावीक पेशंटांचे स्कॅन. बाकीच्या हजारो फाइली सुरळीत. ही नावं आली की खाट्! तेच स्कॅन बॅकअपच्या डिस्कवरून माझ्या लॅपटॉपला लावून पाहिले. वेगळी डिस्क, वेगळी केबल, वेगळं यंत्र. त्याच नावांवर खाट्!

हे शक्य नाही, मंडळी. रस्त्याला पोत्यात काय आहे हे कळत नसतं.

मी नावं मोठ्यानं वाचत होते. सेल्वी, म्हणजे तिथली स्कॅन काढणारी टेक्निशियन, मागे रिपोर्ट पाकिटात भरत होती. तिचे हात थांबले.

"मॅडम, ते एक्स्पायर्ड." मी पुढचं नाव वाचलं. "ते पण." मी आणखी एक वाचलं. "अय्यो... ते पण, मॅडम."

मुकुंदराव हसले. "सेल्वी, हे स्कॅन सेंटर आहे. हिंगे लोक क्रिकेट खेळायला येत नाहींत."

बरोबरच होतं. आजारी माणसं येतात, काही जातात. पण त्यातल्या एकाला फक्त मुतखडा होता. तो मोपेडवरून कालव्यात पडून गेला. मुकुंदरावांनी तारखा ताडून पाहिल्या आणि हसायचे थांबले. एरर आधी आला होता. माणूस नंतर गेला होता.

त्या दिवशी यादीत एकच नाव जिवंत होतं, एका शाळामास्तरणीचं. गुडघ्याचा स्कॅन. योगायोग असा की त्या दुपारी बाई स्वतः रिपोर्ट न्यायला आल्या. केसांत मोगरा, सेल्वीशी गप्पा, मला बघून विचारलं, "तुम्ही बाँबेच्या का?" पायऱ्या उतरताना गुडघ्याला तमिळमध्ये एक शिवी दिली. मी इतकी हसले... आणि मनात म्हटलं, चला, सिद्धांत मोडला.

पुढच्या आठवड्यात सेल्वीचा फोन आला. बाईंना ताप, मग इस्पितळ, मग बाई नाहीत.

मी घरी ह्यांना काही सांगितलं नाही. चहा-बिस्कीट बंद झालं, एवढंच.

आणि मग अक्कांच्या पोटात दुखू लागलं. मुकुंदरावांनी स्कॅन काढला. पित्ताशयात खडे. साधं दुखणं, छोटं ऑपरेशन, घाबरायचं कारण नाही. अक्का म्हणाल्या, "मुकुंदाचं बालपण गिळलं मी, त्याचे दगड झाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकुंदरावांचा फोन. नुसतं "वैनी" म्हणाले. मला कळलं.

मिळेल ती बस पकडून गेले. अक्का वर ठणठणीत! जात्याजवळ बसून कुणाच्यातरी सुनेची नक्कल करत होत्या. खाली मुकुंदराव सर्व्हरपुढे. स्क्रीनवर अक्कांचं नाव, आणि खाली तुटलेल्या जोडणीच्या ओळीच ओळी.

मी केबल काढली, पुसली, लावली. स्लॉट बदलला. फाइल दुसरीकडे कॉपी करायला घेतली, अर्ध्यात तुटली. पुन्हा घेतली. कितव्या तरी खेपेला पूर्ण झाली, पण वाचायला घेतली की पुन्हा खाट्. अख्खी दुपार मी एकाच फाइलीशी झुंजले. तोंड चालूच. "मुकुंदराव, तुम्ही डॉक्टर आहात! खड्यांनी कुणी मरतं का? सेल्वीच्या नादी लागलात!"

"डिलीट केलं तर?"

"तर नुसती नावाची पाटी काढली जाईल. दुखणं गेलं की नाही ते कळणारच नाही."

त्यांनी स्क्रीनवरचं अक्कांचं नाव पुन्हा वाचलं. मग सहज विचारलं, "अदलाबदलीला दोन्ही वस्तू एकाच जातीच्या पाहिजेत, नाही?"

"हो, हो. डिस्कच्या जागी डिस्क, केबलच्या जागी केबल." माझं अर्धं लक्ष स्क्रूकडे होतं.

"बरं," ते म्हणाले. "तुम्ही वर जा. अक्कानं तुमच्यासाठी डांगर केलंय. न खाल्लं तर मला मार पडेल."

मी वर गेले. खाल्लं. संध्याकाळच्या बसनं परत आले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला तेव्हा आवाजात अशी काही झळाळी होती! "वैनी, अक्काची फाइल वाचली! एक एरर नाही!"

मी स्वयंपाकघरात चक्क नाचले. "बघा! सांगत होते ना, केबलच होती ती!"

"तुमच्यासारखी डॉक्टरीण नाही." हसले. मागून अक्का काहीतरी ओरडत होत्या, त्यांनाही उलट ओरडून काही म्हणाले. मग मला, "येत्या रविवारी जेवायला या. यजमानांनाही आणा. नक्की या हां."

रविवार उजाडलाच नाही त्यांचा. त्याच आठवड्यात, दुपारचं जेवण झाल्यावर, अक्कांनी कापी आणून टेबलावर ठेवली. भरलेला पेला-डवरा तसाच राहिला. खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हृदय. मधुमेह होताच, वजन होतं. कुणीही म्हणेल, व्हायचंच होतं. मीसुद्धा तेच म्हणाले, सगळ्यांना, मोठ्यानं.

दिवस झाल्यावर मी खाली सेंटरमध्ये गेले. सेल्वी कुलूप उघडून दारातच उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, त्या संध्याकाळी तुम्ही गेल्यावर सर म्हणाले, माझा पण एक काढ. पोटाचा. मी विचारलं, सर, काय होतंय? म्हणाले, काही नाही, अक्काच्या जातीचाच पाहिजे."

मी सर्व्हर चालू केला. अक्कांच्या नावाची फाइल उघडली. लोण्यासारखी उघडली, एक अडखळ नाही. मला स्कॅन वाचता येत नाही, पण अक्कांचे खडे मुकुंदरावांनी मला फोनवर फोटो पाठवून दाखवले होते, पांढऱ्या मोत्यांसारखे. या चित्रात मोती नव्हते. गोल, जाड्या माणसाचं स्वच्छ पोट होतं.

मग मुकुंदरावांच्या नावाची फाइल उघडायला गेले. जोडणी तुटली. जुळली. तुटली. फार वेळानं एक चित्र उतरलं, आणि त्यात मोती होते.

नोंदी मागे जाऊन पाहिल्या. ज्या सकाळी त्यांनी मला हसत फोन केला, त्या सकाळी नवा एरर एकच होता. अक्कांच्या नावावर नव्हता. कुणाच्या नावावर होता ते तुम्हाला कळलंच असेल. तो बघून, मग त्यांनी फोन उचलला होता. आणि खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

कुंकू, योगायोग, साखर, घाबरलेली मनं — मला सगळी उत्तरं माहीत आहेत, कमेंटमध्ये लिहायचे कष्ट घेऊ नका. एकेक उत्तर घेऊन मी त्या यंत्रापाशी बसून आले. एकही पुरं बसत नाही. मुकुंदरावांनंतर त्यावर नवा स्कॅन चढला नाही, त्यामुळे नवं नावही आलं नाही. एवढंच खात्रीनं सांगू शकते.

अक्का आहेत. ऑपरेशनच्या वेळी सर्जननी जुना स्कॅन मागितला, तेव्हा मी "डिस्क गेली हो" असं रडकं तोंड करून सांगितलं आणि दुसरीकडून नवा काढवून घेतला. चांगल्या बऱ्या झाल्या. पळी अजून हातात असते, मारायला कुणी नसतं. परवा मला म्हणाल्या, "मुकुंदा गेला त्या दिवशी उगेच हसत होता गं. मी विचारलं, काय रे? म्हणाला, निदान झालं."

मी मान खाली घालून डांगर खात राहिले.

सेंटर विकलं, पण सर्व्हर मी मागून घेतला. तो आता तिरुचीला आमच्या मागच्या खोलीत आहे, बंद. निदान झालं की वस्तू मूळ जागी ठेवायच्या, हे मीच शिकवलेलं. मी त्या ठेवलेल्या नाहीत. अक्कांच्या नावात मुकुंदराव आहेत आणि मुकुंदरावांच्या नावात अक्का. राहू देत.

या आयुधपूजेला ह्यांनी विचारलं, "त्या डबड्यालाही कुंकू लावायचं का?" मी डिस्कला हात लावला नाही. वरूनच लावलं, आणि दार ओढून घेतलं.