मामाजींचं एकच क्रियापद

इंग्रजीचं एकच क्रियापद घेऊन माणूस अख्खं आयुष्य राजासारखं काढू शकतो, हे माझ्या बायकोच्या मामांना पाहिल्याशिवाय पटायचं नाही. ते क्रियापद म्हणजे 'सेट'. गांधीबागेत त्यांचं साड्यांचं दुकान होतं. विरजण लागलं की दही सेट, मागे पडलेलं घड्याळ पुढे केलं की सेट, रुसलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजला की सेट. शेजारच्या दुकानातले दोघे भाऊ भांडले, तर मामाजी त्यांना एका प्लेटमध्ये तर्री-पोहे खाऊ घालत, की तेही सेट! भाचीचं लग्नही त्यांनीच सेट केलं. (हो, तो नवरदेव मीच.) शब्दकोशवाल्यांनी या शब्दाला पानंच्या पानं दिली आहेत म्हणे. मामाजींच्या एका दिवसाला ती पुरली नसती. आणि कमाल म्हणजे, ते 'सेट' म्हणाले की काम खरंच झालेलं असायचं. मी तर केव्हाच हात टेकले होते.

मागच्या उन्हाळ्यात मात्र गाठ माझ्या आईशी होती. लकडगंजचं घर विकून आम्ही मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये आलो. आईच्या खोलीत मी मोठ्या हौसेनं एसी लावला आणि तिची झोपच उडाली. जेवण सुटत चाललं. "मले घरी घेऊन चाल, बाबू," एवढंच म्हणायची. आता कुठलं घर! डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. शेवटी मामाजींना बोलावलं.

ते आले, आईच्या, म्हणजे त्यांच्या विहीणबाईंच्या, पलंगापाशी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ नुसते कान देऊन ऐकत राहिले. मग एकदम माझ्यावर उखडले.

"जवाईबापू, जुना कूलर काहून विकला?"

"विकला नाही हो, गॅलरीत पडलाय."

"मंग काढा न बाहेर! एवढी सुनी खोली. ईनबाईले झोप येईन कुठून?"

पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी स्वतः टाकी घासली, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, पाणी भरलं. कूलर घरघरू लागला, ओल्या वाळ्याचा वास खोलीभर सुटला. आईनं कूस बदलली आणि भर दुपारी चक्क घोरू लागली! "सेट," मामाजी हळूच म्हणाले. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलोही.

यंदा मुलानं त्यांना बंगळुरूला नेलं. दुकान बंद झालं. परवा दुपारी आईच्या खोलीत बसून मी फोन केला.

"काय मामाजी, सेट झाले का?"

ते म्हणाले, "होऊन राहिलो." मग हळूच, "इथं हवा गार आहे, जवाईबापू. कूलर लागतच नाही. झोप नाही येत."

"झोप येत नाही म्हणतात," मी आईला सांगितलं. आईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"भाऊ, आडवे व्हा जरा," ती म्हणाली, आणि स्पीकर लावून फोन कूलरसमोरच्या स्टुलावर ठेवला.

हळूहळू कूलरच्या घरघरीत फोनमधली दुसरी घरघर मिसळली. मी फोन बंद करायला हात पुढे केला, तर आईनं तो धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आत्ताच सेट झाले."