चुलत्याला खाणारा बिबट्या

मी जेवढे बिबटे मारले तेवढे जुन्नर-आंबेगावच्या सगळ्या उसात मिळून निघायचे नाहीत. तोंडानं मारले, ही गोष्ट वेगळी. पण त्यातला एक असा उलटला, की अंगावरचा काटा अजून बसलेला नाही.

लेकीनं घराण्याचा इतिहास लिहायला घेतला. आम्ही लोणीचे मेंढरंवाले. परत न आलेला माणूस आमच्यात एकच, माझा चुलता. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात निघाला आणि नाणेघाटाच्या तोंडाशी, घाटघरच्या रानात बिबट्यानं नेला. त्याची पाठची बहीण, माझी आत्या, आता नव्वदीला टेकली आहे. दर सर्वपित्रीला त्याच्या नावानं घास ठेवते आणि मला विचारते, "लई तरास झाला आसंल का रं त्याला?" तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं.

लेकीची वही म्हणजे पोलीस चौकी. प्रत्येक ओळीपुढे कुणी सांगितलं आणि त्याला कुणी सांगितलं, ते लिहायचं. बिबट्याला सात साक्षीदार निघाले. कुणी तो नऊ हात लांब म्हणे, कुणी अकरा.

"सात! खुनाच्या खटल्यात मिळत न्हाईत एवढे," मी म्हणालो.

"अण्णा, सातांनाबी तुमीच सांगितलंय. तुमाला कुणी?"

तोंडातली तंबाखू मी गिळली.

एका लग्नाच्या मांडवात मढचा पावणा सांगत होता, आपल्या मामानं अस्वलाशी कुस्ती केली. लोणीची अब्रू चालली होती, माझं वय वीस. मी चुलता बिबट्याला देऊन टाकला. घाटावरच्या एकानं डोळ्यांनी बघितलं, असंही वर ठोकून दिलं. वडील तोवर दर वर्षी कोकणातल्या वाड्या-वाड्यांत भावाची चौकशी करत. ते मांडवातच मटकन बसले. त्यानंतर 'खोटं व्हतं' म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

मग लेकीनं जमिनीच्या कागदातली वारसनोंद पुढे टाकली. घाटघर. चुलत्याचं नाव, आजोबांचं नाव, मागं एक मुलगा. मृत्यू, मांडवात मी त्याला बिबट्याला दिला त्यानंतर एकवीस वर्षांनी.

"एका नावाची छप्पन माणसं आसत्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच बघाय जाऊ. एका कागदावर भागत न्हाई."

घाटघरला त्या मुलाच्या अंगणात चार शेळ्या बांधलेल्या. एकीनं मान वळवली आणि मी तिचा कान हातात धरला. डाव्या कानाचा शेंडा कापलेला, उजव्याला खालून दोन खाचा. ही आमच्या घरची खूण. मेंढरंवाल्यांत प्रत्येक घराची वेगळी असते आणि बाप ती पोराशिवाय कुणाला शिकवत नाही.

"बापानं शिकवली," तो म्हणाला. "घरच्यांना न इचारता हिथंच लगीन केलं, त्यांच्या धाकानं आधी लपून ऱ्हायला. मग दर दिवाळीला घाटाच्या तोंडाशी बसायचा. लोणीची मेंढरं दिसली तर भावाला निरोप धाडीन म्हणायचा. पर तुमची मेंढरं यायचीच बंद झाली, राव."

बंद होणारच. माझ्या बिबट्याच्या धाकानं आमची सगळी माणसं नाणेघाट सोडून मढवरून, माळशेजनं उतरायला लागली होती.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

ती म्हणाली, "म्हंजी, तरास न्हाई झाला त्याला." मी श्वास सोडणार, तेवढ्यात म्हणाली, "एकवीस वर्सं! आन मी हितं जित्या माणसाला घास ठिवीत व्हते?" मग माझ्याकडे रोखून बघितलं. "आन हेबी तूच रचलं न्हाईस कशावरनं?"

जन्मात पहिल्यांदा खरं सांगितलं होतं. मी लेकीकडे बघितलं.

लेकीनं मोबाईलवरचा शेळीच्या कानांचा फोटो तिच्यापुढे धरला. आत्यानं काचेवरून बोट फिरवलं. एक खाच. दुसरी खाच. आणि पदर तोंडात कोंबला.

त्यानंतर ती लेकीशीच बोलली, "घाटघरला गाडी सांग. ह्याला नगं घिऊस."