खिडकीतली बाई आणि जेवणाचा फॉर्म

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो आणि आयर्लंडात ब्लँचर्डस्टाउनला मुलाकडे राहत होतो. नातीला शाळेत सोडायचं काम माझं. शाळेच्या ऑफिसच्या खिडकीत एक बाई बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. चष्मा केसांत अडकवून तोच टेबलावर शोधायची, आणि उशिरा आलेल्या पोरांनाही "ग्रँड, ग्रँड", म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, म्हणत आत सोडायची.

एकदा तिने आधी नातीला वर्गात धाडलं, मग मोबाईलमध्ये इंग्रजीत काही बोलली. मोबाईल मराठीत म्हणाला, "तुझ्या मुलाची नोकरी गेली का? फुकट जेवणाचा फॉर्म भर."

मुलगा चार महिने घरी बसून होता. पण मी ताठ झालो. म्हटलं, "आम्ही पोटभर जेवतो. भीक नको."

ती रागावली नाही. टेबलावरचे मोजके फॉर्म उचलून दाखवले. मोबाईल म्हणाला, "सगळे असंच म्हणतात. फॉर्म कमी आले की शाळेत गरीब पोरं नाहीत, असं सरकारात धरतात. मग वाचन शिकवणारी जादा टीचर काढतात."

त्या टीचरमुळेच नात वाचायला लागली होती. मी स्वतः तिसरीतून शाळा सोडलेला. म्हणजे पोरीला शिकायचं तर आम्ही आधी गरीब आहोत असं लिहून द्यायचं! फॉर्म खिशात कोंबला आणि बाईकडे न बघता निघालो. दिवसभर तिचा राग राग केला, कारण ती खरं बोलली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फॉर्म मुलाच्या लॅपटॉपवर ठेवला, वर पेन ठेवलं आणि तो उठायच्या आत नातीला घेऊन बाहेर पडलो.