मामांच्या घड्याळाची नवी डायल

“हात पुसा आदी!” मामांची घड्याळं बघायला गेलात की पहिलं वाक्य हेच. तुम्ही चेअरमन असा नाहीतर उसाच्या मोळ्या वाहणारे, मामा आपला रुमाल पुढे करणार आणि तुमची बोटं कोरडी झाल्याशिवाय डबा उघडणार नाहीत.

मामा म्हणजे अख्ख्या कारखान्याचे मामा. आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते टाइमकीपर होते, मी शेतकी ऑफिसात कारकून. त्यांचा पगार बेताचा आणि नाद नवाबाचा. हैदराबादच्या जुन्या बाजारातून, निजामाच्या काळातल्या बड्या घरांच्या माळ्यांवरून त्यांनी एकेक करत नऊ स्विस घड्याळं जमवली होती. मामी म्हणायच्या, “दोन हात आन् नऊ घड्याळं! रावण हाय का ह्यो?”

रोज सकाळी नऊच्या नऊ घड्याळांना चावी द्यायची, कानाला लावायचं. कारखान्याच्या भोंग्याशी वेळ जुळली नाही तर म्हणायचे, “भोंगा चुकलाय बे.”

मग दुष्काळ पडला. उसाची वाळून चिपाडं झाली, गाळप बंद, पगार बंद. त्याच वर्षी मामांच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला. मामांनी मन घट्ट केलं. सगळ्यांत दुर्मिळ घड्याळ विकायचं, बाकीची आठ राखायची. हैदराबादचा एक शौकीन बघायला येणार होता.

मी बीडला निघालो होतो, तर मामा म्हणाले, “साहेब, याचा पट्टा तेवडा बदलून आना.”

तेवढा! पण मी पडलो अतिशहाणा. डायल पिवळी पडलेली, आकडे पुसट. असलं कळकट घड्याळ कोण घेईल? दुकानदाराला म्हटलं, डायल नवी रंगव, पॉलिशही मार. पदरचे पैसे दिले. घड्याळ नवरदेवासारखं नटलं. मी खुशीत नेऊन दिलं.

मामांनी ते हातात घेतलं. काचेवरून अंगठा फिरवला. “लई चमकायलंय,” एवढंच म्हणाले. मला वाटलं, गहिवरले.

दुसऱ्या दिवशी पाहुणा आला. त्याने भिंग लावलं न् लगेच काढलं. “असली डायल किधर है? इसको नया किसने किया?”

मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, “मैंने ही करवाया.”

“फिर मेरे काम का नहीं.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पिवळ्या डागांसाठीच तो माणूस एवढ्या लांबून आला होता. मामा उठले, आतून डबा आणला आणि उरलेली आठही त्याच्यापुढे ठेवली. एकाच्या जागी आठ गेली. पोरगी शिकायला गेली.

ते नवं केलेलं मामा रोज घालायचे. कोणी विचारलं की म्हणायचे, “आमच्या साहेबांनी मनापासून करून दिलंय.” टोमणा नव्हता हो त्यात, म्हणून तर जास्त लागायचं. ‘मामा, चुकलं माझं’ एवढं म्हणायला मला पुढे अकरा वर्षं मिळाली. मी म्हटलं नाही.

मामांच्या दहाव्याला त्यांच्या गावी, उमापूरला गेलो. मुलगी आता सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ते घड्याळ तिच्या मनगटावर होतं. म्हणाली, “काका, माझ्यापायी बाबांनी सगळी घड्याळं इकली. पन तुमी नवं करून दिलेलं तेवडं न्हाई इकलं बगा. लई जीव होता त्यांचा तुमच्यावर.”

“होता खरा,” मी म्हणालो, आणि चपला शोधायला लागलो.